खोडलेलं कोणाचं

कॉम्प्युटरमधली फाईल खोडली की ती गेली, असा आपला समज असतो. ती जात नाही. पाटीवर ओला फडका फिरवला की अक्षर जातं, तसं इथं होत नाही. इथं वावर जागच्या जागी राहतं, धुरे जागच्या जागी राहतात, पीकही उभंच असतं. फक्त नोंदवहीतल्या नावावर काट मारलेली असते आणि शेजारी लिहिलेलं असतं, जागा मोकळी, कोणाला पेरायची असेल त्यानं पेरावी. जोवर दुसरं कोणी त्यावर पेरत नाही तोवर जुनं पीक तसंच उभं. वीस वर्षंसुद्धा.

वावराची उपमा माझी. सिताबर्डीतल्या ज्या दुरुस्तीवाल्या पोरानं मला हे समजावलं त्यानं सेक्टर, क्लस्टर असे शब्द वापरले होते. जुन्या विंडोजमध्ये फाईल खोडली की तिच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं बदलून तिथं एक खूण टाकली जाते, असं तो म्हणाला. म्हणून खोडलेल्या फायली परत काढल्या की त्यांची नावं बोडक्यानं वर येतात. आमच्या डिस्कवर 'वाटणी' नावाची एक फाईल होती. रोमनमध्ये ठेवलेल्या त्या नावातला व्ही गेला आणि पडद्यावर उरलं 'आटणी'. विहिरीच्या भांडणाची फाईल आणि नाव आटणी! मी हसलो. पोराला काही कळलं नाही, तो मूळचा रायपूरकडचा.

डिस्क माझ्या मोठेबाबांची. मोठेबाबा म्हणजे वडलांचे थोरले भाऊ. आमच्याकडे मोठे काका म्हणत नाहीत. काटोलच्या तहसील कचेरीसमोर त्यांनी आयुष्यभर अर्जनवीस म्हणून काम केलं. आधी टाक-बोरू नाही पण साधा फाउंटनपेन, मग टाइपरायटर, आणि १९९९ साली नागपूरहून आणलेला एक जुना कॉम्प्युटर. विंडोज ९८, चार जीबीच्या जवळपासची हार्डडिस्क आणि मराठीसाठी श्री-लिपी. आज चार जीबीत लग्नाचा एक व्हिडिओसुद्धा नीट मावत नाही. पण अर्जाला किती जागा लागते? मोठेबाबांनी त्या डब्ब्यात अख्खा तालुका भरला होता म्हणायला हरकत नाही. फेरफारचे अर्ज, बँकेला पीककर्जाचे विनवणीअर्ज, वीज कापली म्हणून अर्ज, रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचा अर्ज. आणि याशिवाय एक असा धंदा, ज्याचे ते पैसे घेत नसत. ज्याला लिहिता येत नाही त्याचं पत्र लिहून देणं.

ते सहा वाजता दुकान आवरायचे तेव्हा दिवसभरातल्या काही फायली खोडून टाकायचे. मी एकदा कॉलेजच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसलो होतो, तेव्हा विचारलं, काहून खोडता? ते म्हणाले, "लोकायचं ओझं आपल्या डब्ब्यात कायले ठेवाव? अर्जाची नक्कल ठेवावी, त्याचं काम पडते. पत्राची कायले? पत्र ज्याचं त्याले गेलं."

वकिलाला अशिलाचं बोलणं बाहेर सांगायला बंदी आहे. काम संपल्यावरही ती बंदी संपत नाही, असं पुराव्याचा कायदाच सांगतो. अर्जनवीसाला असं कवच कायद्यानं दिलेलं नाही. मोठेबाबांनी ते स्वतःच स्वतःवर घालून घेतलं होतं. त्यांना वाटायचं, खोडलं म्हणजे झालं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की नावावर काट बसते, मजकूर राहतो.

ते २०११ साली गेले. कॉम्प्युटर त्याच्या आधीच दोन-तीन वर्षं बंद पडून माळ्यावर गेला होता, कापसाची पोती आणि जुन्या फवारणी पंपाच्या मधे. तिथून तो पुन्हा खाली आला तो आमच्या शेजारच्या काकूमुळं.

काकूचा प्रश्न असा. तिचा नवरा (आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो) आणि त्याचा धाकला भाऊ यांनी एका गटाचं वावर तोंडी वाटून घेतलं होतं. विहीर थोरल्याच्या वाट्यात आली. धाकला हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला लागला, त्याची शेती मक्त्यानं जायची, पाण्याचा प्रश्न कधी निघाला नाही. आता धाकल्याचा पोरगा गावात परतला, त्यानं संत्र्याची कलमं लावली, आणि तो म्हणू लागला की विहिरीत आमचा अर्धा हिस्सा आहे. सातबाराच्या इतर हक्कात तशी नोंद नाही. काकूचं म्हणणं, हिस्सा ठरलाच नव्हता. संत्र्याला मार्च ते जून पाणी नाही मिळालं तर पाच वर्षांची बाग सरपण होते, हे काटोल-नरखेडकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्याकडं पाण्याचा वाद म्हणजे पाण्याचा वाद नसतो, तो पुढच्या वीस वर्षांचा असतो.

काकूला आठवलं की काकाजी मोठेबाबांकडून काहीतरी वाटणीचं लिहून घ्यायला गेले होते. कागद घरी सापडत नव्हता. ती मला म्हणाली, "तुह्या मोठेबाबाच्या डब्ब्यात असन का रे ते? पाय ना एकदा."

वकील असलेल्या माझ्या मित्रानं आधीच सांगून टाकलं होतं की सह्या नसलेल्या, नोंदणी नसलेल्या मसुद्याला कोर्टात फार वजन नाही. तरी तो काढायला गेलो. गावात कोर्टाचं वजन वेगळं आणि शब्दाचं वजन वेगळं, आणि काकू कोर्टात जाणार नव्हतीच. तिला फक्त खरं काय ते पाहिजे होतं. निदान ती तसं म्हणत होती.

आता दुकानातलं. पोरानं डिस्क कानाजवळ धरली. टिकटिक करत असती तर आत डोकं तबकडीवर घासतंय असं समजायचं, मग ती बिनधुळीच्या खोलीतच उघडावी लागते आणि खर्च हाताबाहेर जातो. तबकडी आणि वाचणाऱ्या डोक्यामधलं अंतर इतकं कमी असतं की धुळीचा कण तिथं दगडासारखा आडवा येतो. आमची डिस्क नुसती गुणगुणत होती. पोरानं आधी तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवली. मूळ डिस्कवर काही लिहायचं नाही, काम करायचं ते प्रतीवर, हा त्या धंद्याचा पहिला नियम. आवडला मला तो. पुराण्या पोथीला हात लावणारी माणसंही असंच करतात.

मग प्रोग्राम लावला. तो नावं पाहत नाही. प्रत्येक जातीच्या फाईलच्या तोंडाशी एक ठरावीक खूण असते, ती शोधत तो तबकडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि जिथं खूण दिसेल तिथून पुढचं कापून बाहेर काढतो. ठेवलेलं, खोडलेलं, अर्धवट पुसलेलं, सगळं. पडद्यावर आकडे धावू लागले. तीनशे, आठशे, दोन हजार. नावांच्या जागी नुसते नंबर. मी तेव्हा त्या पोराला म्हणालो, भाऊ, थांब जरा.

कारण आतापर्यंत मी समजत होतो की मी एक कागद शोधायला आलो आहे. प्रत्यक्षात माझ्यासमोर सबंध तालुक्याचं पोट उघडं पडत होतं. त्यातलं जे ठेवलेलं होतं ते मोठेबाबांनी ठेवलं होतं, म्हणजे कोणी पाहिलं तरी चालेल असं. जे खोडलेलं होतं ते त्यांनी कोणी पाहू नये म्हणून खोडलं होतं. आणि यंत्राला या दोघांत फरकच दिसत नव्हता. त्याला दोन्ही सारखीच.

इथं मला जो पेच पडला तो सांगतो, कारण तो फक्त माझा आहे असं वाटत नाही. जे वाचायचा मला हक्क नाही ते मी वाचू नये, हे कबूल. पण कोणतं वाचायचा हक्क नाही हे ठरवायचं तर ते वाचावं लागतं. बंद पाकिटावर निदान नाव असतं. इथं पाकीटच नव्हतं. दार उघडल्याशिवाय दार कोणाचं हे कळत नव्हतं.

काही जण म्हणतील, एवढा विचार कशाला? बोलणारे बरेचसे मेले, लिहिणारा मेला, भाषा अर्जाची. मला हे पटत नाही. मेलेल्या माणसाला लाज नसते हे खरं, पण त्याच्या मागं राहिलेल्यांना असते. आणि सगळे मेलेले नव्हतेच. मोठेबाबांच्या टेबलाशी बसून कोणे एके काळी नवऱ्याविरुद्ध अर्ज सांगणारी आणि तो न देताच उठून गेलेली बाई आज त्याच नवऱ्याच्या घरात नातवंडांना खेळवत असेल. तिनं तो अर्ज मागं घेतला. माणसाला आपलं बोलणं मागं घेता येतं, ही फार मोठी सोय आहे. रागात बोललेला शब्द, लिहून न पाठवलेलं पत्र, फाडलेली चिठ्ठी, यांच्या जोरावर तर गावं आणि घरं चालतात. जर सगळंच राहणार असेल तर मागं घेण्याला अर्थ काय उरला?

उलट बाजूही आहेच. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, अशी आपली परंपरा सांगते. आपण सगळे त्या तरण्याच्या बाजूचे आहोत. बुडालं ते वर आलं पाहिजे, खरं ते टिकलं पाहिजे, असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलेलं आहे. पण त्या वह्या तुकोबांना बुडवाव्या लागल्या. आपण होऊन, नको म्हणून त्यांनी त्या सोडल्या नव्हत्या. दुसऱ्यानं बुडवायला लावलेलं वर काढणं वेगळं आणि ज्याचं त्यानं बुडवलेलं वर काढणं वेगळं. पहिल्यात न्याय आहे. दुसऱ्यात बहुधा नुसती उत्सुकता असते, न्यायाचा सदरा घातलेली.

२०२३च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात माणसाला आपल्या पश्चात आपले हक्क चालवायला कोणाचं तरी नाव देऊन ठेवायची सोय आहे. चांगली सोय आहे. पण या डिस्कच्या बाबतीत नाव कोणी द्यायचं? मोठेबाबांनी? डब्बा त्यांचा, बोटं त्यांची. मजकूर मात्र एकाही ओळीत त्यांचा नाही. तो शेकडो माणसांनी स्टुलावर बसून, खाली मान घालून सांगितलेला.

वाट काढली ती त्या पोरानंच, आणि तीही अडाणीपणातून. त्यानं एक फाईल उघडून दाखवली. पडद्यावर रोमन अक्षरं, टिंबं, कंस, उलटसुलट खुणा. एक शब्द वाचता येईना. तो म्हणाला, करप्ट आहे. ती करप्ट नव्हती. युनिकोड सगळीकडं रुळायच्या आधी मराठी लिहिणारं प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या रीतीनं अक्षर ठेवायचं. रोमन अक्षराच्या खणात देवनागरीचा तुकडा बसवलेला असायचा, आणि कोणत्या खणात कोणता तुकडा हे त्या त्या फॉन्टलाच माहीत. फॉन्ट गेला की मजकूर असून नसल्यासारखा. त्या काळी अशा सॉफ्टवेअरबरोबर एक लॉकही यायचा, कॉम्प्युटरच्या मागं खोचायचा. तो आमच्याकडं कधीच हरवला होता. घराघरांत असे मराठी लेखनाचे डोंगर अजून पडून आहेत, स्मरणिका, दिवाळी अंकांच्या पानांच्या फायली, कोणाचे प्रबंध, आणि ते मोडी कागदांसारखे झाले आहेत. मोडी निदान हळूहळू तरी परकी झाली. हे वीस वर्षांत झालं.

पण अक्षरं परकी झाली तरी आकडे आकड्यांच्याच खणात होते. गट नंबर मला माहीत होता. मी म्हणालो, उघडू नको काहीच, फक्त हा नंबर ज्या फायलींत असेल तेवढ्या बाजूला काढ. दोन हजारांवर फायलींतून सात निघाल्या. उरलेल्यांकडं आम्ही पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी वाचता आलं नसतं. न वाचता येणं एरवी नुकसान असतं. त्या दिवशी ते पडद्यासारखं कामी आलं.

त्या सात फायली महालातल्या एका जुन्या छापखान्यात नेल्या. तिथं डीटीपीवर बसणाऱ्या गृहस्थांकडं जुने फॉन्ट होते आणि जुनं मशीनही, हौसेनं जपलेलं. त्यांनी पाहता पाहता मराठी समोर आणली. सातांपैकी चार नुसते पीककर्जाचे अर्ज. दोन वाटणीचे मसुदे. आणि एक पत्र.

आधी मसुदे. एकात लिहिलेलं होतं की विहिरीचं पाणी दोघं भाऊ आळीपाळीनं घेतील. दुसऱ्यात विहीर थोरल्याच्या वाट्यात, पाण्याबद्दल एक शब्द नाही. पहिला खोडलेला, दुसरा ठेवलेला. वाटेल की प्रश्न सुटला, आधीचा रद्द, नंतरचा कायम. पण कोणता आधीचा? फाईलवर तारीख असते ना, मी म्हटलं. तारीख होती. दोन्हींवर १ जानेवारी १९८०. आतली छोटी बॅटरी मेली की कॉम्प्युटर प्रत्येक वेळी सुरू करताना आपल्या कालगणनेच्या पहिल्या दिवशी जाऊन बसतो, आणि भारनियमनाच्या त्या दिवसांत मोठेबाबांचा कॉम्प्युटर रोज दहा वेळा बंद पडायचा. त्यांच्या सगळ्या कामाला एकच तारीख होती. अर्जात तारीख ते हातानं भरायचे. मसुद्यात ती जागा रिकामी होती.

वकील मित्राला हे दाखवलं तर तो फारसा चकित झाला नाही. डिस्कवर काय आहे यावरून कोणी काय केलं हे ठरवायची घाई करू नको, तो म्हणाला, आणि त्यानं नागपूरच्याच प्रकरणाची आठवण दिली. २०१८ साली इथले वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या घरून भीमा-कोरेगाव प्रकरणात पोलिसांनी डिस्क जप्त केली. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीनं तिची प्रत तपासून असा अहवाल दिला की बाहेरच्या कोणीतरी घुसखोर प्रोग्रामच्या वाटेनं त्यात कागद आणून ठेवले होते. तपास यंत्रणेनं ते मानलं नाही. निवाडा करणं न्यायालयाचं काम, माझं नाही. पण एवढं मला उमगलं की डिस्क सांगते 'हे इथं आहे'. कोणी ठेवलं, का ठेवलं, कोणी काढलं, हे ती आपणहून सांगत नाही. आपण मात्र ते तिच्या तोंडी घालतो.

आता पत्र. ते काकाजींनी धाकल्या भावाला लिहून घेतलेलं होतं. सगळं सांगत नाही. एवढंच सांगतो की त्यात पाण्याचा उल्लेख होता, आणि तो पुतण्याच्या बाजूचा होता. आपण त्या दिवशी सगळ्यांसमोर गप्प राहिलो, आईपुढं बोललो नाही, पण पाणी दोघांचंच, असा आशय. शेवटचा तिसरा हिस्सा नव्हता. त्या जागेवर नंतर दुसरं काही पेरलं गेलं होतं. म्हणजे खाली नाव नाही, तारीख नाही. पाठवलं की नाही कळायला मार्ग नाही. धाकला भाऊही आता नाही.

मी ते वाचलं, आणि वाचलेलं मला खोडता येत नाही.

तीन वाटा होत्या. पत्र गुपचूप ठेवून द्यायचं आणि काकूला मसुदे देऊन टाकायचे. दुसरी, पत्र पुतण्याला द्यायचं, कारण ते त्याच्या बापाच्या नावचं होतं. तिसरी, काकूला. मित्राचं मत पुतण्याचं. पत्र ज्याच्या नावे लिहिलं त्याचं, असं तो म्हणाला. मोठेबाबाही तेच म्हणायचे. मी अडलो ते एका ठिकाणी. पत्र गेलं तर ते त्याचं. न गेलेलं पत्र कोणाचं? ते अजून बोलणाऱ्याच्याच तोंडात आहे. त्यानं ते गिळलं असेल तर ते बाहेर ओढून दुसऱ्याच्या हाती द्यायचा अधिकार मला कोणी दिला? आणि दडवून ठेवायचं म्हटलं तर काकूनं मला खरं शोधायला पाठवलं होतं, तिला पाहिजे तेवढंच खरं शोधायला नव्हे. तिच्या कामाची अर्धी बाजू तिला देणं आणि अर्धी आपल्याजवळ ठेवणं, हे मला खोटं बोलण्याहून वाईट वाटतं. खोटं बोलणारा निदान पकडला जातो.

मी तिच्याकडं गेलो. दुपारची वेळ, ती सपरीत तुरी पाखडत होती. कागद छापलेले, पण तिला डोळ्यानं दिसत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवले. आधी दोन्ही मसुदे. मग म्हटलं, काकू, अजून एक हाय, काकाजीचं पत्र, धाकल्याले लिहिलेलं, वाचू का? नाई म्हटलं तर नाई वाचत. ती बराच वेळ सूप तसंच धरून बसली. मग म्हणाली, "वाच."

वाचलं. मधे एका ठिकाणी काकाजींचा एक बोलायचा लकब आला, वाक्याच्या शेवटी 'समजलं का नाई समजलं' असं म्हणायची त्यांची सवय होती. मोठेबाबांनी तो जसाच्या तसा टिपला होता. काकू तिथं हसली आणि पदर तोंडाला लावला. "त्यायचंच बोलणं व्हय हे," ती म्हणाली. ज्याला सही, तारीख, हॅश, प्रमाणपत्र म्हणतात ते सगळं त्या एका लकबीत तिच्यापुरतं झालं.

मग तिनं जे विचारलं ते दुकानदारानं, वकिलानं, मी, कोणीच विचारलं नव्हतं.

"पन हे खोडलं कोनं? यायनं खोडा म्हटलं, का तुह्या मोठेबाबानं आपल्या मनानं खोडलं?"

मी गप्प. खरंच, सगळं त्यावर होतं. काकाजींनी सांगून खोडायला लावलं असेल तर त्यांनी शब्द मागं घेतला. मोठेबाबांनी संध्याकाळी दुकान आवरताना रोजच्यासारखं खोडलं असेल तर पत्र छापलं गेलं, पाकिटात गेलं, हिंगण्याला पोचलं, आणि भावानं ते वाचून कुठंतरी ठेवलं किंवा जाळलं. एक खोडणं म्हणजे नाही, दुसरं खोडणं म्हणजे झालं. दोन्ही डिस्कवर अगदी सारखी दिसतात. नावाचं पहिलं अक्षर गेलेलं, बस.

मी तेवढंच सांगितलं, की ते कळत नाही.

"मंग आपुन कसं ठरवाव?" असं ती म्हणाली, पण मला नव्हे. तिनं कागद घेतले, घडी केली, सातबाराच्या थैलीत टाकले आणि पुन्हा सूप हातात घेतलं. मला तिनं चहा पाजला आणि नागपूरला मेट्रोत गर्दी असते का ते विचारलं.

डिस्कचं काय करायचं हा प्रश्न राहिला होता. दुकानातल्या प्रतीवर आणि काढलेल्या सगळ्या फायलींवर मी माझ्यासमोर शून्यं भरून घेतली. नुसतं डिलीट नव्हे, प्रत्येक खणात शून्य, आता तिथं खरंच काही नाही. त्याला साडेतीन तास लागले. पोरगा म्हणत होता, एवढ्या मेहनतीनं काढलं आणि आता पुसता? मी म्हटलं, व्हय. मूळ डिस्क मात्र माझी नव्हती. मोठ्या आईला विचारलं. तिला वाटलं मी ती भंगारात द्यायचं विचारतोय. "आन इकडं, त्यायचं व्हय ते," म्हणाली, आणि त्यांच्या चष्म्याच्या घराजवळ लोखंडी पेटीत ठेवली. ती चार जीबी अजून तिथं आहे. वाचणारा मिळाला तर वाचता येण्याजोगी. मला ते आवडत नाही, पण तिच्या पेटीत काय असावं हे मी कोण ठरवणार.

काकूबद्दल सांगायचं तर त्या पौषात तिनं पुतण्याला बोलावून मोटरीच्या पाळ्या लावून दिल्या. दोन दिवस तिच्याकडं, एक दिवस त्याच्याकडं. अर्धा नाही, एक तृतीयांश. कुठून काढला तिनं हा हिशोब, मला माहीत नाही. पत्राचा तिनं कोणाला उल्लेख केला नाही. पुतण्या गावभर सांगतो की मीच काकूले समजावलं, शेवटी आयकलं तिनं. ती ते ऐकते आणि काही बोलत नाही. परवा गेलो होतो तर त्याच्या बागेत अंबियाचा बहार चांगला धरला होता, आणि मोटर चालू होती. त्या दिवशी पाळी तिची होती की त्याची, ते मी विचारलं नाही.